आई-बाबा ग्रीन कार्डवर आले, आता त्यांच्या आरोग्य विम्याचं काय?

नमस्कार ताई,

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला राहतो. मी इथली नागरिक झाल्यावर आई-बाबांसाठी अर्ज केला होता. दोघं ग्रीन कार्डवर येऊन आज बावीस दिवस झाले. बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांना मधुमेह आहे आणि चार वर्षांपूर्वी नाशिकला स्टेंट बसवलाय. आई ६७ ची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला थायरॉइड आहे, गुडघेही दुखतात. माझ्या ऑफिसच्या विम्यात आई-बाबांना घेता येत नाही, असं एचआरने सांगितलं. मी आणि नवरा चौदा वर्षं इथे टॅक्स भरतोय, तरी त्यांना मेडिकेअर, म्हणजे ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, मिळणार नाही म्हणतात. ओळखीतल्या एका एजंटने नव्याने आलेल्यांसाठीची एक पॉलिसी सुचवली आहे, दोघांची मिळून महिन्याला तीनशे डॉलर. तो म्हणतो, ‘सरकारी वेबसाइटच्या भानगडीत पडू नका, तुमच्या दोघांच्या पगारावर एक डॉलरही सवलत मिळणार नाही.’ बाबांचं वेगळंच. ‘सहा महिन्यांची औषधं बरोबर आणलीत, आमच्यावर खर्च करू नका,’ एवढंच ते म्हणतात. दोघांची पेन्शन मिळून महिन्याला साधारण एक लाख रुपये आहे, ठेवींचं व्याज वर्षाला पाच लाखांच्या आसपास, आणि नाशिकच्या फ्लॅटचं भाडं महिन्याला वीस हजार. काय करावं?

– स., प्लेनो

प्रिय स.,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. आई-बाबांसाठी सरकारी मार्केटप्लेसवरूनच, म्हणजे हेल्थकेअर डॉट गव्हवरूनच विमा घ्या, आणि तो पुढच्या अडतीस दिवसांत घ्या. एजंटने तुमच्या पगाराबद्दल जे सांगितलं ते तुमच्या बाबतीत लागूच होत नाही. हिशेब तुमच्या पगाराचा नाही, आई-बाबांच्या उत्पन्नाचा होणार आहे. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेले पेन्शन, व्याज आणि भाड्याचे आकडे इतके काठावर आहेत की मी हे उत्तर लांबलचक लिहायला बसले आहे.

ऑफिसचा विमा आणि मेडिकेअर हे दोन विषय पटकन संपवू. भारतात कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांची नावं घालता येतात, त्यामुळे इथेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. इथल्या कंपन्यांच्या विम्यात जोडीदार आणि मुलं येतात, आई-वडील जवळजवळ कुठेच येत नाहीत. मेडिकेअरचं म्हणाल, तर ६५ नंतर त्याचा ‘भाग ए’, म्हणजे हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग, फुकट मिळायला दहा वर्षांच्या, म्हणजे चाळीस तिमाहींच्या कामाची नोंद लागते. ती नोंद स्वतःची किंवा नवरा-बायकोची चालते, मुलीची किंवा जावयाची नाही. तुमची चौदा वर्षं तुमच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी जमा आहेत. आई-बाबांना पैसे भरून मेडिकेअर घेता येईल, पण ग्रीन कार्डवर इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर. २०२६ च्या दरांनी ‘भाग ए’ चा पूर्ण हप्ता माणशी महिन्याला ५६५ डॉलर आणि ‘भाग बी’ चा, म्हणजे डॉक्टर-तपासण्यांच्या भागाचा, २०२.९० डॉलर आहे. म्हणजे प्रश्न या मधल्या पाच वर्षांचा आहे.

आता एजंटने सुचवलेली पॉलिसी. तिच्या कागदांत ‘प्री-एग्झिस्टिंग’ हा शब्द कुठे कुठे येतो ते आज रात्री शोधून वाचा. अशा पॉलिसी आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च देत नाहीत. फार तर जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका एका मर्यादेपर्यंत सांभाळतात, आणि बऱ्याच पॉलिसींत वय ७० च्या पुढे गेलं की तीही सोय आखडते. बाबा ७१ चे आहेत. त्यांच्या बाबतीत दवाखान्याची पायरी चढायची वेळ आली तर ती बहुधा हृदयामुळे किंवा साखरेमुळेच येणार, आणि नेमकं तेच या तीनशे डॉलरमध्ये नाही. दर तीन महिन्यांची एचबीएवनसी ही साखरेची तपासणी नाही, हृदयरोगतज्ज्ञाची तपासणी नाही, आईचं थायरॉइड नाही. हप्ता कमी दिसतो तो यामुळेच. तरीही ती पॉलिसी एका कामाची आहे. मार्केटप्लेसचा विमा तुम्ही प्लॅन निवडाल त्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होतो. मधल्या आठवड्यांत पाय घसरून हाड मोडलं वगैरे तर तेवढ्यापुरती ती घ्यायला माझी हरकत नाही. फक्त महिन्या-महिन्याने घ्या आणि कधीही बंद करता येते ना, हे विचारून घ्या.

मार्केटप्लेस २०१० च्या कायद्यातून आलं आणि तिथला विमा १ जानेवारी २०१४ पासून मिळू लागला. तुमच्या घरासाठी त्यातल्या दोन गोष्टी लाखमोलाच्या आहेत. पहिली, अर्जात आजारांबद्दल प्रश्नच नाही. स्टेंट असो, मधुमेह असो, कंपनी नाही म्हणू शकत नाही, त्यासाठी जास्त पैसे मागू शकत नाही, आणि भारतातल्यासारखा दोन-तीन वर्षांचा थांबण्याचा काळही नाही. पहिल्या दिवसापासून सगळं धरलं जातं. दुसरी गोष्ट वयाची. वयानुसार हप्ता वाढतो, पण ६४ ला येऊन थांबतो. ६४ आणि त्यापुढच्या सगळ्यांना एकच दर, आणि तो २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीहून जास्त असू शकत नाही. म्हणजे बाबांना आणि आईला एकाच प्लॅनचा हप्ता सारखाच दिसेल. ‘६५ पूर्ण झालेल्यांना मार्केटप्लेस नाही’ असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. तो नियम मेडिकेअर असणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या आई-बाबांना ते अजून मिळतच नाही.

एरवी या विम्याची नोंदणी वर्षातून एकदाच, १ नोव्हेंबरपासून होते. परदेशातून इथे राहायला येणं किंवा कायदेशीर रहिवासाचा दर्जा मिळणं यासाठी मात्र साठ दिवसांची खास मुदत मिळते. तिचे बावीस दिवस संपले. ही मुदत हुकली तर थेट पुढच्या जानेवारीपर्यंत दोघं जुन्या आजारांसाठी उघड्यावर राहतील.

आता उत्पन्नाचं. इथे मला सावकाश जायचंय.

सरकारची सवलत, म्हणजे हप्त्यावरचं टॅक्स क्रेडिट, ‘कुटुंबाच्या’ उत्पन्नावर ठरतं. पण इथे कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारी, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं नव्हेत. एका टॅक्स रिटर्नवर ज्यांची नावं आहेत ते कुटुंब. आई-बाबा स्वतःचं संयुक्त रिटर्न भरणार असतील तर त्यांचं कुटुंब दोघांचं, आणि उत्पन्नही दोघांचंच. तुम्ही त्यांना घरात ठेवता, जेवूखाऊ घालता, खर्चाला पैसे देता, हे त्यांचं उत्पन्न नाही. उलट तुम्ही त्यांना तुमच्या रिटर्नवर अवलंबून म्हणून दाखवलं, तर तुमचे पगार त्यांच्या हिशेबात येतील आणि मग एजंटचं म्हणणं खरं ठरेल. पण तुम्हाला तसं दाखवता येणारही नाही. पालकाला अवलंबून दाखवायचं तर त्याचं स्वतःचं करपात्र उत्पन्न वर्षाला साधारण पाच हजार डॉलरच्या आत असावं लागतं. बाबांची पेन्शनच त्याच्या वर जाते, आणि ठेवी दोघांच्या नावे असतील तर आईचंही तसंच होणार.

ग्रीन कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नवर येतं. नाशिकच्या कोषागारातून येणारी पेन्शन, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं. भारतात कर कापला गेला असेल तर त्याची वजावट इथल्या करात मिळू शकते, पण विम्याच्या हिशेबात उत्पन्न तेवढंच धरलं जातं. तुमच्या आकड्यांची बेरीज करू. पेन्शन बारा लाख, व्याज पाच लाख, भाडं दोन लाख चाळीस हजार. एकूण एकोणीस लाख चाळीस हजार रुपये. डॉलरला ९० रुपये धरले तर साधारण २१,५५५ डॉलर.

आणि आता तो आकडा, ज्यामुळे मी तुमचं पत्र बाजूला ठेवू शकले नाही. २०२६ च्या विम्यासाठी दोन माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर आहे. २०२५ पर्यंत नियम असा होता की पाच वर्षांच्या रहिवासाच्या अटीमुळे ज्यांना मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, मिळत नाही, अशा कायदेशीर स्थलांतरितांना उत्पन्न या रेषेखाली असलं तरी टॅक्स क्रेडिट मिळायचं. आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांचा विमा त्याच आधारावर चालला होता. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने तो आधार १ जानेवारी २०२६ पासून काढून घेतला. आता रेषेच्या वर असाल तर क्रेडिट, खाली असाल तर शून्य. ज्यांची पेन्शन कमी त्यांनाच पूर्ण हप्ता, असा हा उलटा न्याय आहे, आणि मला तो अन्यायच वाटतो. पण आज नियम हाच आहे आणि आपल्याला त्याच्यातूनच वाट काढायची आहे.

रेषेच्या या बाजूला आणि त्या बाजूला काय फरक आहे ते बघा. उत्पन्न २१,५५५ डॉलर असेल तर ते रेषेच्या किंचित वर आहे. या पातळीला २०२६ मध्ये उत्पन्नाच्या २.१० टक्के एवढाच हप्ता भरावा लागतो, म्हणजे दोघांचा मिळून वर्षाला साडेचारशे डॉलरच्या आसपास, महिन्याला चाळीसच्या आत. हा हिशेब त्या भागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनचा. उरलेलं सरकार कंपनीला भरतं. उत्पन्न २१,१०० निघालं तर एक डॉलरही नाही, आणि या वयाच्या दोघांचा पूर्ण हप्ता महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. आता रुपयाकडे बघा. डॉलर ९२ रुपयांना धरला तर तेच एकोणीस लाख चाळीस हजार रुपये २१,०८७ डॉलर होतात. नाशिकमध्ये काहीही बदललेलं नसताना, नुसता रुपया घसरल्यामुळे तुमचे आई-बाबा रेषेखाली जातात.

म्हणून ‘साधारण’, ‘आसपास’ हे शब्द आता सोडायचे. दोन्ही पेन्शन स्लिपा, महागाई भत्त्यासकट, पूर्ण रकमेच्या घ्या. हातात पडणाऱ्या नव्हेत, कापण्याआधीच्या. बँकेकडून आणि पोस्टाकडून व्याजाचे दाखले मागवा. ज्या ठेवींचं व्याज मुदतीच्या शेवटी मिळतं त्या आपण हिशेबात धरायला विसरतो, पण इथल्या नियमांनी त्यांचं दरवर्षीचं व्याजही मोजावं लागतं. माझा अनुभव असा की तुमच्यासारख्या घरांत याच ठिकाणी लाख-दीड लाख रुपये सापडतात. भाड्यातून मात्र घरपट्टी, देखभाल आणि घसारा वजा होतो, तो आकडा खाली येईल. बाबांकडे जुने शेअर असतील आणि ते कधीतरी विकायचेच असतील, तर थोडे या वर्षी विकून झालेला नफा हे खरं उत्पन्न आहे, त्यात काही गैर नाही. नसलेलं उत्पन्न दाखवणं मात्र गैर आहे. ‘फॉर्मवर पंचवीस हजार टाका, कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. सही बाबांची असणार आहे. आणि २०२६ पासून, प्रत्यक्ष उत्पन्नाच्या हिशेबात क्रेडिट जास्त उचललं गेलं असं निघालं तर ते परत करण्यावरची जुनी कमाल मर्यादाही राहिलेली नाही.

पहिल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये एक पेच आहे. नवरा-बायकोला क्रेडिट हवं तर संयुक्त रिटर्न भरावं लागतं. वर्षाच्या मध्यात आलेल्यांना मात्र संयुक्त रिटर्न भरण्यासाठी ‘पूर्ण वर्षाचे रहिवासी’ हा पर्याय निवडावा लागतो, आणि तो निवडला की जानेवारीपासूनचं सगळं उत्पन्न धरलं जातं. तुमच्या बाबतीत हे फायद्याचंच आहे, कारण आपल्याला बारा महिन्यांची पेन्शन मोजायची आहे. पण ज्यांना नवीन ग्रीन कार्डवाल्यांची रिटर्नं भरायची सवय आहे अशाच कर सल्लागाराकडे जा. भारतातली सगळी खाती मिळून दहा हजार डॉलरच्या वर आहेत, त्यामुळे परदेशी खात्यांचं विवरणपत्रही दरवर्षी भरावं लागेल, तेही त्यालाच विचारा.

आता प्रत्यक्ष अर्ज. खातं बाबांच्या नावाने उघडा, तुमच्या नाही. तुम्ही त्यांच्या अधिकृत प्रतिनिधी व्हा, तशी सोय अर्जातच आहे. ओळख पटवण्याच्या पायरीवर वेबसाइट जुनी कर्जं, जुने पत्ते यांवरचे प्रश्न विचारते. बाबांचा इथे कसलाच इतिहास नाही, त्यामुळे तिथे गाडी अडणार. घाबरू नका, पासपोर्टची प्रत अपलोड करा किंवा १-८००-३१८-२५९६ वर फोन करून अर्ज पुढे न्या. बाबांना शेजारी बसवा, कारण फोनवर त्यांची संमती घेतात, आणि गरज पडली तर दुभाष्या मागा. ग्रीन कार्डचं प्लास्टिक अजून आलं नसेल तर पासपोर्टवरचा शिक्का मारलेला इमिग्रंट व्हिसा वर्षभर त्याच्या जागी चालतो, त्यावरच एलियन नंबरही आहे. सोशल सिक्युरिटी नंबर आला नसेल तर अर्ज केल्याचं नमूद करा, त्यासाठी थांबून राहू नका.

पुढे घरातल्या माणसांबद्दल विचारतील. तिथे बाबा आणि आई, दोघंच. ‘टॅक्स रिटर्न भरणार का? कोणाबरोबर? कोणी तुम्हाला अवलंबून दाखवणार आहे का?’ या तीन प्रश्नांची उत्तरं अनुक्रमे होय, पत्नीबरोबर, नाही. इथे अनवधानाने तुमचं किंवा जावईबापूंचं नाव कुटुंबात टाकलंत तर पुढचं सगळं चुकतं. उत्पन्नात ‘पेन्शन’ वेगळं, ‘व्याज’ वेगळं, ‘भाडं’ वेगळं भरा आणि रुपयांचे डॉलर कोणत्या दराने केले ते एका कागदावर लिहून ठेवा. वेबसाइटला हे उत्पन्न अमेरिकेच्या कुठल्याच नोंदींत सापडणार नाही, म्हणून ती पुरावे मागेल. द्यायला साधारण तीन महिने मिळतात, आणि तोवर विमा चालू राहतो. भाडेकरार मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

शोधताना पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे ना, हे दोनदा बघा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट बऱ्याच आहेत. तिथे फोन नंबर टाकलात की दिवसभर फोन वाजत राहतो, आणि पलीकडचा माणूस विकतो ते भलतंच.

रेषेच्या वर असाल तर प्लॅन कोणता? ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड ही नावं उपचारांचा दर्जा सांगत नाहीत, सरासरी किती खर्च कंपनी उचलणार ते सांगतात. ब्रॉन्झ साठ टक्के, सिल्व्हर सत्तर, गोल्ड ऐंशी. पण तुमच्या आई-बाबांच्या उत्पन्नाच्या पातळीला, म्हणजे रेषेच्या दीडपटीच्या आत, सिल्व्हर प्लॅन घेतला तर तो सत्तरचा राहत नाही, चौऱ्याण्णव टक्क्यांचा होतो. ही जादाची मदत फक्त सिल्व्हरवर मिळते. त्यामुळे ब्रॉन्झ शून्य डॉलरला दिसला तरी तिकडे जाऊ नका. त्यात सुरुवातीचा काही हजार डॉलरचा खर्च आधी स्वतः करावा लागतो, आणि दर महिन्याला औषधं लागणाऱ्या माणसाला तो परवडत नाही.

रेषेच्या खाली असाल आणि पूर्ण हप्ता भरायची वेळ आली, तर सिल्व्हरच्या आधी गोल्ड बघा. टेक्सासमध्ये बऱ्याच काउंटींत गोल्डचा हप्ता सिल्व्हरपेक्षा कमी निघतो. दोघांनी एकच प्लॅन घ्यायला हवा असंही नाही. बाबांना गोल्ड, आईला ब्रॉन्झ, असं चालतं. कोणताही प्लॅन असो, २०२६ मध्ये वर्षभराचा स्वतःच्या खिशातला खर्च माणशी १०,६०० डॉलरच्या पुढे जाऊ शकत नाही, अर्थात प्लॅनच्या यादीतल्या डॉक्टरांकडे आणि हॉस्पिटलांत गेलात तर. ही छत्री एजंटच्या पॉलिसीत नाही.

यादीवरून आठवलं. टेक्सासमध्ये असे वैयक्तिक प्लॅन बहुतेक करून एचएमओ किंवा ईपीओ असतात, म्हणजे यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेलं तर इमर्जन्सी सोडून पैसे मिळत नाहीत. प्लॅन नक्की करण्याआधी घराजवळचा एक हृदयरोगतज्ज्ञ निवडा आणि त्याच्या दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. नुसतं कंपनीचं नाव सांगू नका, एकाच कंपनीच्या दोन प्लॅनच्या याद्या वेगळ्या असतात.

बाबांच्या औषधांची पिशवी टेबलावर ओता आणि गोळ्यांच्या पट्ट्यांवरची कंपनीची नावं सोडून आतल्या औषधांची नावं लिहून काढा. क्लोपिडोग्रेल, अटोर्वास्टॅटिन, मेटफॉर्मिन ही इथेही मिळतात, स्वस्तही असतात. पण साखरेसाठी त्यांना व्हिल्डाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन चालू असेल, आपल्याकडे ती फार लिहून देतात, तर ती अमेरिकेत मान्यताच नसलेली औषधं आहेत. कुठल्याही प्लॅनच्या यादीत सापडणार नाहीत. इथल्या डॉक्टरला त्याऐवजी दुसरं औषध सुरू करून साखर पुन्हा बसवावी लागेल, आणि त्याला काही आठवडे लागतात. दोन-तीन औषधांची मिळून एक गोळी असेल तर तीही इथे सुटी करावी लागेल. म्हणून बाबांना सांगा, सहा महिन्यांची औषधं आणलीत हे फार चांगलं केलंत, पण पाचवा महिना उजाडायची वाट बघायची नाही. विमा सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना भेटायचं.

प्लॅन निवडणं म्हणजे विमा सुरू होणं नव्हे. पहिला हप्ता कंपनीला पोचला की मगच तो सुरू होतो. जानेवारीत १०९५-ए नावाचा कागद येईल, तो जपून ठेवा आणि रिटर्नबरोबर क्रेडिटचा हिशेब द्या. ते रिटर्न भरलं नाही तर पुढे क्रेडिट बंद होतं.

आई-बाबांच्या ग्रीन कार्डसाठी तुम्ही आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही केली आहे. सरकारी मदत घेतली तर ती माझ्याकडून वसूल करतील का, ही भीती अशा सगळ्या घरांत असते. त्या हमीपत्राखाली येणाऱ्या मदतीत मेडिकेड येतं, फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्यासाठीची सरकारी मदत, येतात. मार्केटप्लेसचं टॅक्स क्रेडिट त्यात येत नाही.

आई-बाबा हिवाळ्यात दोन-तीन महिने नाशिकला जातील. जाऊ द्या. हप्ता त्या महिन्यांतही भरावा लागेल, आणि इथला विमा तिथे चालणार नाही. त्यामुळे त्यांची भारतातली पॉलिसी असेल तर ती बंद करू नका. एकदा सोडली की या वयात पुन्हा मिळणं कठीण, आणि मिळाली तरी जुन्या आजारांचा थांबण्याचा काळ पहिल्यापासून मोजतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. मुक्काम मात्र लांबवू नका, मेडिकेअरची पाच वर्षं ‘सलग’ मोजली जातात.

हे सदर वाचणाऱ्या, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वर असलेल्या मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगते. १ जानेवारी २०२७ पासून टॅक्स क्रेडिट जवळजवळ फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरतं राहणार आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत मार्केटप्लेसवरून विमा घेता येईल, पण पूर्ण हप्त्याने. स., तुमच्या आई-बाबांना हा बदल लागू नाही.

पुढची नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होईल, आणि हेल्थकेअर डॉट गव्हवर ती आता १५ डिसेंबरलाच संपेल, पूर्वीसारखी जानेवारीपर्यंत चालणार नाही. त्याच नोव्हेंबरात दोघांना पेन्शनसाठी हयातीचा दाखलाही द्यायचा असतो. जीवन प्रमाणवर जमला तर उत्तम, नाही तर ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासातून. दाखला अडकला की पेन्शन थांबते, म्हणून ही दोन्ही कामं कॅलेंडरवर एकाच पानावर लिहा. नव्या वर्षाचं उत्पन्न आणि नवी रेषा तेव्हा पुन्हा तपासावी लागेल.

या आठवड्यात व्याजाचे दाखले मागवा. नाशिकला कोणी नातेवाईक असतील तर त्यांना बँकेत पाठवा, ईमेलच्या उत्तराची वाट बघू नका. आकडे हातात आले की मला कळवा. बेरीज रेषेच्या शंभर-दोनशे डॉलर इकडे-तिकडे निघाली तर अर्ज पाठवण्याआधी आपण तो कागद पुन्हा एकदा एकत्र बघू.

– ताई